खाणीतून निवृत्तीनंतर सिलिकोसिस निघाला: भरपाईचा दावा कुठे, किती दिवसांत, कोणत्या कागदांवर?

वर्धाकाठ (प्रश्न)

विदर्भातल्या सार्वजनिक क्षेत्रातील एका कोळसा कंपनीतल्या निवृत्त कामगाराचं प्रकरण आहे. शक्य तितक्या नेमक्या शब्दांत मांडतो.

भूमिगत खाणीत ३१ वर्षं नोकरी. त्यातली पहिली १४ वर्षं ड्रिलर, नंतर सपोर्टच्या (छताला आधार देण्याच्या) कामावर. ३० जून २०२४ ला वयाच्या ६०व्या वर्षी निवृत्त. मार्च २०२५ मध्ये दम लागतो म्हणून जिल्हा रुग्णालयात एक्स-रे काढला. चिठ्ठीवर ‘दोन्ही बाजूंना वरच्या भागात डाग, क्षय?’ असं लिहून दिलं. थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी सहा महिने क्षयाची औषधं चालली. दम तसाच राहिला. जानेवारी २०२६ मध्ये छातीचा सीटी स्कॅन झाला आणि अहवालात सिलिकोसिस (दगडाच्या बारीक धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार) व मोठ्या गाठींचं फायब्रोसिस लिहून आलं.

कंपनीच्या क्षेत्रीय कार्यालयात चौकशी केली तर दोन उत्तरं मिळाली. एक, ‘निवृत्त झाल्यावर काही मिळत नाही.’ दोन, ‘आधी दिव्यांग प्रमाणपत्र आणा.’ दोन्ही तोंडी.

माझे प्रश्न: दावा होतो का, आणि मुदत कधीपासून मोजायची? दिव्यांग प्रमाणपत्र खरंच लागतं का? रक्कम साधारण कशी काढतात? याच घरातला ४० वर्षांचा एक जण ओपनकास्टमध्ये (उघड्या खाणीत) ठेकेदाराकडे ओबी, म्हणजे कोळशावरच्या दगड-मातीच्या थराच्या, ड्रिलवर आहे. सहा वर्षांत तीन ठेकेदार बदलले, त्यालाही आता खोकला सुरू आहे. त्याने काय करावं?

कलम_दहा

दावा होतो. आणि या प्रकरणात सगळ्यात मोलाचा कागद सीटी स्कॅनचा नाही, मार्च २०२५ ची ती क्षयाची चिठ्ठी आहे. आधी ती लॅमिनेट न करता प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. का, ते सांगतो.

कर्मचारी भरपाई अधिनियम, १९२३ च्या तिसऱ्या परिशिष्टात व्यवसायजन्य आजारांची यादी आहे. भाग अ, ब आणि क. सिलिकोसिस, अँथ्रॅको-सिलिकोसिस, अ‍ॅस्बेस्टोसिस आणि सिलिको-ट्यूबरक्युलोसिस हे सगळे भाग क मध्ये पहिल्याच क्रमांकावर आहेत. यादीतला आजार यादीतल्या कामात झाला की कायदा त्याला ‘अपघात’ मानतो. अपघात म्हटला की तारीख लागते, आणि धूळ तर तीस वर्षं रोज थोडी थोडी छातीत जात असते. म्हणून कलम १० मध्ये तारीख ठरवायचा नियम दिला आहे:

नोकरीत असताना आजारामुळे सलग गैरहजेरी सुरू झाली असेल, तर त्या गैरहजेरीचा पहिला दिवस हीच अपघाताची तारीख. नोकरी सुटल्यानंतर दोन वर्षांच्या आत लक्षणं दिसली, तर ती प्रथम आढळली तो दिवस ही अपघाताची तारीख. त्या तारखेपासून दोन वर्षांत दावा दाखल व्हायला हवा.

तुमच्याकडे नोकरी सुटली ३० जून २०२४ ला. लक्षणं कागदावर प्रथम आली मार्च २०२५ मध्ये, म्हणजे नऊ महिन्यांत. दोन वर्षांच्या आत, प्रश्नच नाही. दाव्याची मुदत मार्च २०२७ पर्यंत. डॉक्टरांनी आजाराचं नाव चुकीचं लिहिलं म्हणून तारीख बदलत नाही, कारण कायदा ‘लक्षणं आढळली’ म्हणतो, ‘निदान झालं’ म्हणत नाही. तरी अर्जात दोन्ही तारखा घाला: मुख्य म्हणून मार्च २०२५, पर्यायी म्हणून जानेवारी २०२६. दुसरी तारीखही निवृत्तीपासून दोन वर्षांच्या आतच पडते, त्यामुळे एक निसटली तरी दुसरी हाताशी राहते.

एक धोका सांगून ठेवतो. निवृत्तीच्या आधीच्या वर्षांत खोकल्यासाठी सलग आजारी रजा घेतली होती का, ते रजेच्या नोंदीत बघा. घेतली असेल तर कंपनी म्हणेल, ‘अपघाताची तारीख तीच, मुदत संपली.’ म्हणून मूळ अर्जासोबतच विलंब माफीचा अर्ज लावून टाका. पुरेसं कारण असेल तर उशिराचा दावा घ्यायचा अधिकार आयुक्तांना (या कायद्याखाली दावे चालवणाऱ्या अधिकाऱ्यांना) कलम १० मध्येच आहे, आणि ‘आजाराचं खरं नाव जानेवारी २०२६ पर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं’ हे पुरेसं कारण आहे. आक्षेप आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हे आधी केलेलं बरं.

दुसरा गोंधळ नव्या कायद्याचा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आणि १९२३ चा अधिनियम तिच्या सातव्या प्रकरणात गेला. तिसरं परिशिष्ट, त्याचे तीन भाग, ५० आणि ६० टक्क्यांचं गणित, वयाचे गुणक (हे पुढे येतं) हा सांगाडा तिथेही तोच आहे. पण अपघाताची तारीख मार्च २०२५ धरली तर हक्क जुन्या कायद्याखाली निर्माण झाला, आणि तो रद्द झाल्याने निर्माण झालेला हक्क जात नाही. अर्जाच्या पहिल्या परिच्छेदात दोन्ही कायद्यांचा उल्लेख करा, म्हणजे ‘चुकीच्या कायद्याखाली अर्ज’ असा आक्षेप घ्यायला जागा उरत नाही.

आता क्रम. थेट आयुक्तांकडे जाऊ नका. कलम २२ प्रमाणे कामगाराचा अर्ज तेव्हाच चालतो जेव्हा दोन्ही बाजूंत वाद उभा राहिला आणि आपसात मिटला नाही. ‘तोंडी नाही म्हणाले’ याने वाद सिद्ध होत नाही. म्हणून आधी कंपनीला लेखी नोटीस. त्यात नाव, पत्ता, टोकन किंवा कर्मचारी क्रमांक, कोणत्या खाणीत कोणत्या पदावर किती वर्षं, आजाराचं नाव, प्रथम आढळल्याची तारीख आणि मागणी. भाषा साधी चालते. एक प्रत खाण व्यवस्थापकाला, एक क्षेत्रीय महाव्यवस्थापकांना. स्पीड पोस्टने, पोचपावतीसह पाठवा. आवक विभागात हातोहात दिलीत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

नोटीस मिळाल्यावर कंपनी मोफत वैद्यकीय तपासणीला बोलावू शकते, तीन दिवसांत. बोलावलं तर जायचं. कारण नसताना नकार दिला तर तेवढ्या काळापुरता भरपाईचा हक्क थांबतो. तपासणीला जाताना एक्स-रेची मूळ फिल्म हातची देऊ नका, प्रत द्या.

महिनाभर थांबा. उत्तर नाही किंवा नकार आला, तर फॉर्म एफ मध्ये आयुक्तांकडे अर्ज. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हे काम न्यायाधीशच पाहतात. कामगार जिथे राहतो त्या भागाच्या आयुक्तांकडेही अर्ज चालतो, खाणीच्या गावाला हेलपाटे घालायची गरज नाही. खाणीवरची वसाहत सोडून गावी गेलेल्यांना हे बहुधा कुणी सांगत नाही.

कलम_दहा

रकमेचं राहिलं होतं.

कायमच्या पूर्ण अपंगत्वाला मासिक वेतनाच्या ६० टक्के गुणिले वयाचा गुणक (कायद्याच्या तक्त्यातला आकडा). प्रत्यक्ष पगार कितीही असो, हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपयेच धरतात. ही मर्यादा ३ जानेवारी २०२० पासूनची, त्याआधी ८,००० होती. भूमिगत कामगाराचा शेवटचा पगार याच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे आकडा बघून लोकांना धक्का बसतो. पण नियम तसा आहे.

१५,००० चे ६० टक्के म्हणजे ९,०००. मार्च २०२५ ला पूर्ण झालेलं वय ६०, त्याचा गुणक ११७.४१. गुणाकार १०,५६,६९० रुपये. ही शंभर टक्क्यांची रक्कम. फुफ्फुसाच्या आजारात बहुधा कायमचं अंशतः अपंगत्व धरतात, म्हणजे कमावण्याच्या क्षमतेत जितके टक्के घट, तितके टक्के या रकमेचे. ३० टक्के घट असेल तर ३,१७,००७ आणि ४० टक्के असेल तर ४,२२,६७६.

देय झाल्यापासून महिन्याभरात रक्कम दिली नाही तर वर्षाला १२ टक्के साधं व्याज. ४,२२,६७६ वर वर्षाचे ५०,७२१ रुपये होतात. विनाकारण थकवलं असं आयुक्तांना वाटलं तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही. अर्जात व्याज आणि दंड दोन्ही वेगवेगळे मागा. उपचाराचा प्रत्यक्ष खर्च कलम ४(२अ) खाली वेगळा मिळतो, त्यासाठी औषधांची बिलं तारखेनुसार लावून ठेवा.

‘निवृत्त माणसाची कमाई कुठे बुडाली?’ हा युक्तिवाद हमखास येतो. कायद्याचे शब्द ‘प्रत्यक्ष कमाई’ असे नाहीत. जे जे काम तो माणूस त्या वेळी करू शकला असता, त्या प्रत्येक कामातली कमावण्याची क्षमता किती घटली, हे बघायचं असतं. निवृत्तीनंतर शेती, दुकान, चौकीदारी करणारी माणसं गावोगाव आहेत. दम लागत असल्यामुळे यातलं काय काय करता येत नाही, ते शपथपत्रात साध्या शब्दांत लिहा.

फुफ्फुस_तपासनीस

वैद्यकीय बाजूने लिहितो, कारण खरे दावे बहुतेक इथेच पडतात.

सीटी स्कॅन निदानाला उत्तम, पण न्यूमोकोनिओसिसचं (धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजारांचं) वर्गीकरण ज्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पद्धतीने होतं ती पद्धत छातीच्या साध्या पूर्ण आकाराच्या एक्स-रेवर चालते. तेव्हा छातीचा ताजा पीए (पाठीकडून घेतलेला) एक्स-रे काढून घ्या, फिल्म आणि सीडी दोन्ही घ्या. मोबाइलवर काढलेला फोटो या कामाला उपयोगी नाही. अहवालात बारीक गोल ठिपक्यांचा आकार (पी म्हणजे दीड मिलिमीटरपर्यंत, क्यू दीड ते तीन, आर तीन ते दहा), त्यांची दाटी ० ते ३ च्या श्रेणीत, आणि मोठ्या गाठी असतील तर ए, बी की सी, एवढं यायला हवं. ‘दोन्ही बाजूंना फायब्रोसिस’ एवढ्यावर कुणी टक्के ठरवू शकत नाही. यांच्या अहवालात मोठ्या गाठींचं फायब्रोसिस आहे, म्हणजे ए, बी, सी पैकी एक अक्षर येणारच. ते लिहून घ्या.

मग श्वसनक्षमता. स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकर मारून होणारी चाचणी) औषधाच्या आधी आणि नंतर, अशी दोनदा. किमान तीन फुंका नीट यायला हव्यात आणि सर्वांत चांगल्या दोन फुंकांतला फरक १५० मिलिलिटरच्या आत हवा. कागदावर हे दिसत नसेल तर विरुद्ध बाजूचा डॉक्टर ‘रुग्णाने जोर लावला नाही’ म्हणून अख्खा अहवाल बाजूला सारतो. थकलेल्या माणसाला दुपारी उशिरा नेऊ नका, सकाळी न्या. शक्य असेल तिथे डीएलसीओ (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ती चाचणी) आणि सहा मिनिटं चालण्याची चाचणी, ऑक्सिजनच्या आकड्यांसह. स्पायरोमेट्री बरी दिसूनही चालताना ऑक्सिजन पडतो असे रुग्ण या आजारात असतात, आणि ती चाचणी नसेल तर त्यांचे टक्के कमी लागतात.

क्षयाबद्दल. सिलिका साठलेल्या फुफ्फुसात क्षय होण्याचा धोका खरोखरच जास्त असतो, म्हणून डॉक्टरांनी संशय घेतला यात चूक नाही. पण थुंकीची सीबीनॅट (क्षयाच्या जंतूंची जनुकीय) तपासणी झाली होती का आणि तिचा निकाल काय, तो कागद मिळवा. निकाल नकारात्मक असेल तर ‘हा क्षयच होता’ हा युक्तिवाद कमजोर पडतो. सकारात्मक असता तरी दावा गेला नसता, कारण सिलिको-ट्यूबरक्युलोसिस यादीत आहेच. अट एवढीच की अपंगत्वामागे सिलिकोसिस हा मुख्य घटक असायला हवा.

बिडी-सिगारेटचा मुद्दा येईल. धूम्रपानाने फुफ्फुसाची नळी अरुंद होते, पण वरच्या भागातले गोल ठिपके आणि मोठ्या गाठी तंबाखूने होत नाहीत. हे वाक्य प्रमाणपत्रात असू द्या. उलटपक्षी, नुसतं ‘सीओपीडी’ (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) लिहिलेलं प्रमाणपत्र घेऊन जाऊ नका. कोळशाच्या धुळीने सीओपीडी होतो हे वैद्यकशास्त्र मानतं, पण भाग क मध्ये ते नाव नाही. दोन्ही असतील तर आधी न्यूमोकोनिओसिस किंवा सिलिकोसिस, मग सीओपीडी.

सगळ्यांत जास्त घोळ शेवटच्या ओळीत होतो. डॉक्टर लिहितात ‘४० टक्के अपंगत्व’. कायद्याला हवी आहे कमावण्याच्या क्षमतेतली घट. दोन्ही गोष्टी एक नाहीत: ड्रिलरच्या कामाला छातीची जेवढी ताकद लागते तेवढी टेबलावरच्या कामाला लागत नाही. प्रमाणपत्राचा मसुदा साधारण असा करून न्या, अर्थात आकडे डॉक्टरांचे:

‘सदर व्यक्तीस सिलिकोसिस असून एक्स-रे वर्गीकरण अमुक आहे. भूमिगत कोळसा खाणीतील अमुक वर्षांच्या धुळीच्या संपर्कामुळे हा आजार झाला आहे. आजार कायमस्वरूपी असून बरा होणारा नाही. ही व्यक्ती करू शकली असती अशा सर्व कामांतील तिची कमावण्याची क्षमता अमुक टक्के घटली आहे.’

आणि प्रमाणपत्र देणारे डॉक्टर साक्षीला येतील का, हे आधीच विचारा. साक्ष झाली नाही तर प्रमाणपत्र नुसता कागद राहतो. सरकारी रुग्णालयातले डॉक्टर समन्सवर येतात, फक्त त्यांची बदली कुठे झाली याचा माग ठेवावा लागतो.

ज्या डॉक्टरने निदान केलं, त्याच्यावर खाण सुरक्षा महासंचालनालयाला, म्हणजे डीजीएमएसला, लेखी कळवण्याची जबाबदारी कायद्यानेच आहे. जुन्या खाण अधिनियमात ते कलम २५ होतं, आता व्यावसायिक सुरक्षा संहितेत कलम १२. रुग्ण सध्या खाणीत असो वा पूर्वी होता असो, दोन्हींना लागू. बऱ्याच डॉक्टरांना हे ठाऊकच नसतं. रागाने नव्हे, विनंतीने सांगा आणि पाठवलेल्या पत्राची प्रत मागा. डीजीएमएसचं मुख्यालय धनबादला आहे, नागपुरातही कार्यालय आहे. तज्ज्ञांचं दुसरं मत हवं असेल तर नागपूरची राष्ट्रीय खाण कामगार आरोग्य संस्था लक्षात ठेवा. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेत तिचं विलीनीकरण झालं आहे.

पीपीओ_आणि_पेन्शन

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल: या दाव्याला ते लागत नाही. शिवाय मिळणारही नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यांत फुफ्फुसाचा आजार नाही. नुसत्या दम लागण्यावर यूडीआयडीसाठी (दिव्यांग ओळखपत्रासाठी) अर्ज केला तर वैद्यकीय मंडळ तो नाकारेल, आणि तो नकार कुणीतरी भरपाईच्या दाव्यात ‘अपंगत्व नाही’ म्हणून दाखवेल. म्हणून तो अर्ज मुळात करूच नका.

अपवाद कानांचा. १४ वर्षं ड्रिल चालवलेल्याचे कान तपासून घ्या. दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असेल तर ‘कमी ऐकू येणे’, ७० च्या वर असेल तर ‘बहिरेपणा’, आणि हे दोन्ही त्या २१ मध्ये आहेत. तो यूडीआयडी वेगळा, फुफ्फुसाचा दावा वेगळा. एकत्र करू नका.

कोळसा खाण पेन्शन योजना, १९९८ मध्ये विकलांगता पेन्शन आहे, पण ती नोकरी चालू असताना कायमचं आणि पूर्ण अपंगत्व येऊन नोकरी सुटलेल्यांसाठी. यांची निवृत्ती वयाने झाली, त्यामुळे नेहमीची पेन्शन चालू राहील, तिच्यावर वेगळी भर पडणार नाही. वारसाला नोकरी देण्याचं राष्ट्रीय कोळसा वेतन करारातलं कलमही सेवेत असताना अपंग झालेल्यांचंच आहे. तिथे वेळ घालवू नका.

मात्र दोन गोष्टी आजच बघा. पीपीओवर (पेन्शनच्या आदेशावर) पत्नीचं नाव, जन्मतारीख आणि संयुक्त फोटो आधारशी जुळतो का. आणि निवृत्तीनंतरच्या वैद्यकीय योजनेचं सदस्यत्व घेतलं होतं का, कार्ड पत्नीचंही आहे का. एकच बिल या योजनेतही आणि भरपाईच्या दाव्यातही लावायचं नाही, संपूर्ण दाव्यावर शंका येते.

सहा महिने क्षयाची औषधं चालली म्हणजे निक्षय पोर्टलवर (क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीत) नोंद झाली असणार. निक्षय पोषण योजनेचे दरमहा १,००० रुपये खात्यात आले का बघा. तो निक्षय क्रमांक मार्च २०२५ च्या तारखेचा सरकारी पुरावाही आहे.

वर्धाकाठ

खूप स्पष्ट झालं. दोन अडचणी. सेवाकाळातल्या नियमित वैद्यकीय तपासण्यांचे कागद घरी नाहीत, आणि कंपनीच्या दवाखान्यात ‘जुनं रेकॉर्ड सापडत नाही’ म्हणतात. आणि ठेकेदाराकडच्या माणसाचा प्रश्न राहिला.

कलम_दहा

कागद असे मागा. माहितीच्या अधिकारात, कंपनीच्या जन माहिती अधिकाऱ्याला, १० रुपयांची पोस्टल ऑर्डर लावून, कामगाराच्या स्वतःच्या सहीने. प्रश्न विचारू नका, कागदांची नावं लिहा: फॉर्म बी रजिस्टरमधल्या (कामगारांच्या नोंदवहीतल्या) त्यांच्या नोंदीची प्रत, पदनिहाय आणि खाणनिहाय सेवा तपशील, प्रत्येक पीएमईचा (नियमित वैद्यकीय तपासणीचा) फॉर्म ओ, प्रत्येक पीएमईच्या एक्स-रेची फिल्म व वाचन, ते ज्या खाणीत होते तिथले श्वसनयोग्य धुळीच्या मोजणीचे अहवाल, वर्षं लिहून. स्वतःच्या आरोग्याची माहिती ‘वैयक्तिक’ म्हणून स्वतःलाच नाकारता येत नाही. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ‘सापडत नाही’ असं लेखी उत्तर आलं तरी ते जपून ठेवा. जी तपासणी करून तिची नोंद ठेवणं कायद्याने कंपनीवर होतं, तीच नोंद ती दाखवू शकत नाही, हे तुमच्या बाजूने जातं.

शेवटच्या एक-दोन पीएमईच्या फिल्म मिळाल्या तर छातीच्या तज्ज्ञाकडून पुन्हा वाचून घ्या. ठिपके तेव्हाच दिसत असतील आणि कामगाराला सांगितलं नसेल, तर विलंब माफीसाठी याहून मोठं कारण नाही. निवृत्त होऊन पाच-दहा वर्षं झालेल्यांसाठी तर हाच एक खरा रस्ता आहे. निवृत्तीनंतर दोन वर्षांत लक्षणं दिसल्याचा कागद त्यांच्याकडे नसतो, म्हणून आजार नोकरीतच जडला होता हे जुन्या फिल्मवरून दाखवावं लागतं.

ओबी_पाळी

ठेकेदाराच्या कामगाराबद्दल.

तीन ठेकेदार बदलले म्हणून दावा अडत नाही. भाग क चे आजार एकापेक्षा जास्त मालकांकडे काम करून झाले तरी भरपाई मिळते, आणि कोणी किती हिस्सा द्यायचा ते आयुक्त ठरवतात. शिवाय ठेकेदाराने दिलं नाही तर ज्याच्या खाणीत काम चाललं त्या मूळ मालकाकडून मागता येतं. म्हणून अर्जात तिन्ही ठेकेदार आणि मूळ कंपनी, चौघांनाही विरुद्ध पक्ष करा. एकाला वगळलंत तर बाकीचे त्याच्याकडे बोट दाखवतील.

सगळा दावा पुराव्यावर उभा राहतो किंवा पडतो. व्हीटीसीचं म्हणजे व्यावसायिक प्रशिक्षण केंद्राचं प्रमाणपत्र, प्रत्येक ठेकेदाराचा गेटपास, वेतनचिठ्ठ्या, बँकेत जमा झालेल्या पगाराची विवरणं, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक, रुजू होतानाची वैद्यकीय तपासणी. पासबुकात ठेकेदाराचं नाव येतं, तो सर्वांत पक्का कागद. गेटपास काम सुटताना परत घेतात, त्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढून ठेवा. जुन्या ईएसआय (राज्य कर्मचारी विमा) कायद्यात खाणी येत नव्हत्या, त्यामुळे त्या काळासाठी ‘ईएसआयकडे जा’ म्हणून कुणी हाकललं तर ऐकू नका.

पण अजून खोकलाच आहे, निदान नाही. आधी एक्स-रे आणि स्पायरोमेट्री. ओबीचं ड्रिलिंग वाळूच्या दगडात होतं, त्यात स्फटिक सिलिका कोळशापेक्षा जास्त असते. पाणी न मारता कोरडं ड्रिल चालवलं तर कमी वर्षांतही सिलिकोसिस होतो. निदान झालं तर नव्या संहितेखाली दावा होईल. अंदाजासाठी सांगतो, १५,००० च्याच मर्यादेने ४० वर्षांचा गुणक १८४.१७, पूर्ण अपंगत्वाला १६,५७,५३० रुपये, त्याचे जितके टक्के लागतील तितके.

आणि भरपाईपेक्षा महत्त्वाचं: निदान झालं तर त्याला धुळीतून बाहेर काढा. आजार बरा होत नाही, पण धूळ थांबली तर वेग कमी होऊ शकतो. ओल्या ड्रिलिंगची मागणी लेखी करा. कापडी रुमाल बारीक सिलिका अडवत नाही.

काम सुटलं आणि घरात दुसरं उत्पन्न नसेल तर तहसीलमध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा अर्ज करता येतो. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत, राज्यात १५ वर्षं वास्तव्य, दरमहा १,५०० रुपये. रक्कम तोकडी आहे, पण औषधाला हातभार लागतो.

फुफ्फुस_तपासनीस

एक भर, कुटुंबीयांसाठी. लिहायला जड जातं, तरी लिहितो. मोठ्या गाठींच्या अवस्थेत रुग्ण दगावला तर मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात ‘हृदय व श्वसन बंद पडणे’ एवढंच लिहिलेलं असतं. ते कारण नव्हे, मृत्यूची पद्धत झाली. मूळ कारणाच्या ओळीत सिलिकोसिस यायला हवा. रुग्णालयात दाखल करतानाच जुने एक्स-रे आणि निदानाचा कागद केसपेपरला जोडायला सांगा, म्हणजे रात्रपाळीच्या डॉक्टरलाही मूळ आजार दिसेल. २०२३ च्या दुरुस्तीनंतर या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळते. ती मागून घ्या.

कलम_दहा

त्यालाच जोडून. मृत्यूच्या दाव्यात ६० ऐवजी ५० टक्के धरतात, आणि रक्कम आयुक्तांकडे जमा व्हावी लागते. कंपनीने किंवा ठेकेदाराने विधवेच्या हातात थेट दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत.

जिवंतपणीही ‘एवढे घ्या आणि इथे सही करा’ असं म्हणत कुणी आलं तर सही करण्याआधी तो करार आयुक्तांकडे नोंदवणार का, ते विचारा. एकरकमी तडजोड नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर आयुक्त नोंदणी नाकारू शकतात. हक्क सोडून दिल्याचा मजकूर कायद्यात टिकत नाही, पण असा कागद पुढे आला की वर्ष-दीड वर्ष वाया जातं.

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि कंपनी उच्च न्यायालयात गेली, तर अपिलासोबत रक्कम जमा केल्याचं आयुक्तांचं प्रमाणपत्र तिला जोडावं लागतं. ते नसेल तर अपील दाखलच होत नाही. अपिलाची मुदत ६० दिवस. ६१व्या दिवशी आयुक्तांच्या कार्यालयात जाऊन रक्कम जमा झाली का ते विचारा. झाली असेल तर ती काढण्याचा अर्ज त्याच दिवशी द्या, सोबत आधार, पासबुकाची प्रत आणि दोन फोटो.